कावेरीच्या भातावर पोसलेले युद्ध

नागपट्टणम आणि कारैकाल यांच्यासमोरच्या समुद्रात १७४६, १७५८ आणि १७८२ अशी तीनदा इंग्रज आणि फ्रेंच आरमारे एकमेकांना भिडली. पहिल्या वेळी युरोपात ऑस्ट्रियाच्या गादीचे भांडण पेटले होते, दुसऱ्या वेळी सप्तवार्षिक युद्ध चालू होते आणि तिसऱ्या वेळी अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध उठाव केला होता. किनाऱ्यापासून चार कोस आत भाताच्या खाचरात राबणाऱ्या माणसाचा यांतल्या एकाही तंट्याशी संबंध नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे सगळे ‘कर्नाटकातील युद्धे’ या मथळ्याखाली येते. डुप्लेची हुशारी, क्लाइव्हचे धाडस, अर्काटचा वेढा, वांदिवाशची लढाई एवढे झाले की प्रकरण संपते आणि तंजावरच्या भोसल्यांच्या वाट्याला फार तर अर्धी ओळ येते. पण हीच गोष्ट तंजावरच्या बाजूने वाचली की तिचा अर्थ पालटतो. हे राज्य बहुतेक काळ जिंकणाऱ्या पक्षाबरोबर होते. त्याचा किल्ला फ्रेंचांना घेता आला नाही आणि म्हैसूरच्या हैदरालाही घेता आला नाही. तरीही युद्ध संपता संपता राज्य गेले, ते रणांगणावर नव्हे, हिशेबाच्या वहीत. माझे म्हणणे असे, की या युद्धाचे कारण आणि परिणाम या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: कावेरीच्या पाण्यावर दरवर्षी न चुकता येणारे भात आणि त्या भातातून निघणारा रोकड महसूल.

युरोपातले वैर हे युद्धाचे कारण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण वैराने तोफा सुटत नाहीत. त्यासाठी शिपायांचा पगार द्यावा लागतो. दोन्ही कंपन्या व्यापारी होत्या. भागधारकांना नफा वाटणे हे त्यांचे काम, आणि फौज म्हणजे त्यांच्या लेखी नुसता खर्च. लंडन किंवा पॅरिसहून येणारी चांदी कापड विकत घेण्यासाठी होती, महिनोन्महिने वेढे चालवण्यासाठी नव्हती. तेव्हा इथले युद्ध चालवायचे तर त्याचा खर्च इथेच उभा राहायला हवा, हे पाँडिचेरीच्या डुप्लेने सर्वांआधी ओळखले आणि मद्रासकरांनी ते त्याच्याकडून लवकरच उचलले. खर्च उभा करायचा म्हणजे जमीनमहसूल हाती घ्यायचा. आता त्या काळच्या कर्नाटकाचा नकाशा पाहा. अर्काटच्या नबाबाचा बराचसा मुलूख तळ्यांवर आणि पावसावर जगणारा. एक पावसाळा हुकला की वसुली बसलीच. कावेरीचे पाणी मात्र कोडगूच्या डोंगरातून येते. तंजावरात थेंबभर पाऊस नसला तरी नैऋत्य मोसमी पावसावर आषाढ-श्रावणात नदी भरून वाहते, कुरुवैचे पीक निघते, आणि ईशान्येचा पाऊस आल्यावर सांबाचे. पिकातला सरकारी हिस्सा, ज्याला तिथे ‘मेलवारम’ म्हणतात, गावोगावच्या खळ्यांवर मोजला जाई आणि विकून त्याचे नाणे होई. त्यात नागोर, नागपट्टणम, तरंगमबाडी, कारैकाल ही बंदरे हाताशी. दक्षिणेत ज्याला सैन्य पोसायचे होते, त्याची नजर इथे वळणारच होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की परकी कंपन्या तंजावरात बळेच घुसल्या, राजे बिचारे त्यांच्या हातची प्यादी. मराठी वाचकाला ही मांडणी सोयीची वाटते, पण घटनाक्रम तिला दुजोरा देत नाही. १७३६ मध्ये पहिले तुळजाराजे वारले आणि पुढची तीन वर्षे गादीवर कोणी टिकेना. किल्लेदार सय्यद ज्याला बसवील तो राजा, असा तो काळ. या गोंधळात गादीचा एक दावेदार सयाजी याने मदतीच्या बदल्यात फ्रेंचांना कारैकाल देऊ केले, आणि चंदासाहेबाच्या फौजेच्या आधाराने फेब्रुवारी १७३९ मध्ये फ्रेंच तिथे उतरले. त्याच वर्षी प्रतापसिंह गादीवर आले. दहा वर्षांनी हाच सयाजी इंग्रजांच्या दारात गेला. गादी मिळवून द्या, देवीकोट्टै घ्या, असा त्याचा सौदा. १७४९ मध्ये मेजर लॉरेन्सच्या हाताखालच्या फौजेने कोल्लिडमच्या मुखाशी असलेला तो किल्ला घेतला. हल्ल्यात पुढे होता तरुण क्लाइव्ह. किल्ला मिळताच इंग्रजांनी सयाजीला बाजूला सारले आणि प्रतापसिंहांशीच तह केला: देवीकोट्टै आमचे, सयाजीला काही नेमणूक द्या, म्हणजे झाले. कंपन्यांना आत येण्यासाठी भिंत फोडावी लागली नाही. भाऊबंदकीने दरवाजा उघडा टाकला होता आणि आतले लोकच त्यांना आळीपाळीने बोलावत होते. प्रतापसिंह स्वतः तर फार सावध आणि वेळकाढू राजकारणी होते, आणि त्या वेळकाढूपणाचे चीज कसे झाले ते १७४९ च्या अखेरीस दिसले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये अंबूरच्या लढाईत नबाब अन्वरुद्दीन मारला गेला. त्याचा मुलगा मुहंमद अली तिरुचिरापल्लीला पळाला आणि चंदासाहेब फ्रेंचांच्या पाठबळावर नबाब म्हणवू लागला. शहाणपण यात होते, की मुहंमद अलीला सावरायला वेळ न देता तिरुचिरापल्ली गाठावी. पण शिपायांचे पगार थकलेले. म्हणून चंदासाहेब, निजामाच्या गादीवर हक्क सांगणारा मुजफ्फरजंग आणि फ्रेंच पलटणी आधी तंजावरावर आल्या. प्रतापसिंहांनी आठवडेच्या आठवडे बोलणी लांबवली आणि शेवटी ७० लाख रुपये कबूल केले. कारैकालच्या आसपासची ८१ गावे फ्रेंचांना तोडून दिली. मग रक्कम देताना कधी भांडी, कधी जुनी नाणी, कधी मोलभावाची घासाघीस असे करत दिवस काढले, तोवर निजाम नासिरजंगाची मोठी फौज उत्तरेकडून येत असल्याची बातमी थडकली आणि वेढा उठला. राज्य वाचले. मागे उरला तो एक कागद: न दिलेल्या ५६ लाखांचा रोखा. चंदासाहेब १७५२ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ तंजावरचा सेनापती मानोजी याच्या स्वाधीन झाला आणि त्याचे डोके उडवले गेले. ज्याच्या नावे देणे होते तो मेला, पण रोखा फ्रेंचांच्या हाती जिवंत राहिला. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती काउंट लाली इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड घेऊन मोकळा झाला, तेव्हा त्याचे खरे लक्ष्य मद्रास होते, पण तिजोरी रिकामी होती. तो वळला तंजावराकडे, हातात तोच नऊ वर्षांपूर्वीचा रोखा घेऊन. वाटेत नागोर लुटले, कीळवेळूरच्या देवळात धनासाठी उकराउकर केली, हेर असल्याच्या संशयावरून तिथल्या ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिले. तंजावरच्या तटाला तोफा लागल्या खऱ्या, पण उपाशी फौज आणि संपत आलेली दारू यांत ३ ऑगस्टला आपल्या आरमाराचा पराभव झाल्याचे कळले आणि १० ऑगस्टच्या सुमारास लाली रिकाम्या हाताने माघारी फिरला. मद्रासवर जायला त्याला वर्षाची अखेर उजाडली. फ्रेंचांच्या सर्वात मोठ्या मोहिमेची दिशा एका थकबाकीने ठरवली होती.

भाताइतकेच युद्ध पाण्यावरही चालले होते, आणि ते समजायला नदीची रचना पाहावी लागते. तिरुचिरापल्लीच्या वर कावेरीला फाटा फुटतो. उत्तरेचा तो कोल्लिडम आणि दक्षिणेची ती कावेरी. मध्ये श्रीरंगमचे बेट. कोल्लिडमचे पात्र जास्त खोल आणि जास्त उताराचे, म्हणजे मोकळे सोडले तर पाणी तिकडेच पळणार आणि कुणाच्या उपयोगी न पडता समुद्राला मिळणार. बेटाच्या खालच्या टोकाला, कोविलडीजवळ, दोन्ही पात्रे पुन्हा अगदी जवळ येतात. तिथे चोळांच्या काळापासून नावाजलेला कल्लणै हा बांध आणि त्याला जोडलेले भराव पाणी कावेरीकडेच अडवून धरतात. तिथून पुढे कावेरी, वेण्णार आणि त्यांचे असंख्य कालवे शेतात जातात. म्हणजे तंजावरची सगळी शेती तंजावरच्या हद्दीच्या टोकाला असलेल्या एका भरावावर टेकलेली, आणि तो भराव तिरुचिरापल्लीवाल्याच्या तोफेच्या टप्प्यात. १७५१ पासून तिरुचिरापल्लीभोवती इंग्रज, फ्रेंच, म्हैसूरकर आणि मराठे वर्षानुवर्षे का झुंजले, याचे उत्तर देताना नबाबाची गादी, श्रीरंगमचे देऊळ, खडकावरचा किल्ला असे बरेच सांगितले जाते. तंजावरच्या दरबाराला मात्र तिथे आपल्या पाण्याची चावी दिसत होती. १७५४ मध्ये ती भीती खरी ठरली. प्रतापसिंह दोन्ही पक्षांना आशेवर ठेवत होते, तेव्हा फ्रेंच आणि म्हैसूरच्या फौजांनी कोविलडी घेऊन भराव फोडला. एखाद्या प्रांताचे पीकच मारायचे, म्हणजे राजा शरण येईल, असा तो हिशेब. झाले उलटे: प्रतापसिंहांनी बाजूला काढलेल्या मानोजीला पुन्हा सेनापती केले आणि ते इंग्रजांच्या पक्षाला कायमचे गेले. फुटलेला भराव इंग्रजांच्या पहाऱ्यात दुरुस्त झाला. पुढे युद्ध संपल्यावर, १७६४ मध्ये, हीच चावी मित्राने फिरवून पाहिली. भरावाची दुरुस्ती तंजावरने करायची नाही, असे मुहंमद अली म्हणू लागला आणि मद्रासच्या कंपनी सरकारला मध्ये पडावे लागले. निर्णय तंजावरच्या बाजूने गेला, पण आपल्या शेतीचा बांध दुरुस्त करायला राजाला तिसऱ्याची परवानगी लागते, हेही त्यात ठरून गेले.

इथे सातारा-नागपूरकडच्या मराठ्यांनी काय केले, असा प्रश्न येईल. रघुजी भोसल्यांनी १७४० मध्ये दमलचेरीच्या घाटात नबाब दोस्त अलीला मारले, १७४१ मध्ये तिरुचिरापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद करून नेले, आणि किल्ला मुरारराव घोरपड्यांकडे दिला. दोन वर्षांत निजामाने तो परत घेतला. तंजावरच्या भाऊबंदांना कायमचा आधार द्यायचा असे या स्वारीत कुठे दिसत नाही. मुराररावांनी तर पुढे पक्ष बदलत बदलत १७५४ मध्ये खुद्द तंजावरचे घोडदळ कापून काढले आणि पैसे घेऊन ते निघून गेले. रक्ताच्या नात्याने राज्ये वाचत नाहीत, हे या प्रकरणात जितके उघड दिसते तितके क्वचितच.

२२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला लाली हरला, वर्षभरात पाँडिचेरी पडली, १७६३ मध्ये पॅरिसचा तह झाला. तंजावर जिंकलेल्या बाजूला होते. आणि नेमके इथूनच त्याचे दिवस फिरले. मुहंमद अलीला गादी मिळाली होती ती कंपनीच्या पलटणींवर, आणि त्या पलटणींचा खर्च त्याच्या नावे मांडलेला होता. तो फेडण्यासाठी तो मद्रासच्याच गोऱ्या अधिकाऱ्यांकडून जबर व्याजाने कर्ज काढी. देणेकऱ्याला देणे फेडायला आणखी एक देणेकरी हवा असतो. तो तंजावर झाला. १७६२ मध्ये कंपनीच्या मध्यस्थीने आणि हमीने तह झाला: मागील बाकी म्हणून २२ लाख रुपये हप्त्यांनी आणि दरसाल ४ लाख खंडणी. १७७१ मध्ये खंडणी थकल्याचे आणि रामनाथपुरमच्या मरवांवर तंजावरने स्वारी केल्याचे निमित्त करून नबाबाने कंपनीची फौज प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या तुळजाराजांवर आणली. वेढा तहाने उठला, पण मोहिमेचा खर्च तुळजाराजांच्याच माथी बसला आणि त्यापोटी मायावरम व कुंभकोणम हे सुभे तारण गेले. म्हणजे त्यांच्यावर डागलेल्या तोफांचे बिल त्यांच्याच नावे निघाले. दोन वर्षांत पुन्हा फौज आली आणि सप्टेंबर १७७३ मध्ये जनरल जोसेफ स्मिथने किल्ला घेतला. चंदासाहेबाला आणि लालीला जे जमले नाही ते दोस्ताने केले. तुळजाराजे कैदेत पडले, नबाबाचे अंमलदार खळ्याखळ्यांवर बसले आणि येणाऱ्या पिकावर सावकारांच्या नावे वराता निघू लागल्या.

‘हे नबाबाचे पाप, कंपनीचे नव्हे,’ असा बचाव तेव्हाही होता आणि आजही अधूनमधून वाचायला मिळतो. त्याला थोडा आधार आहे: लंडनच्या संचालकांना हे पसंत पडले नाही, त्यांनी राज्य परत देण्याचा हुकूम पाठवला आणि नवे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी एप्रिल १७७६ मध्ये तंजावरला जाऊन तुळजाराजांना गादीवर बसवले. पण त्यानंतर काय झाले ते पाहिले म्हणजे बचाव कोसळतो. पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक बेताच्या पगाराचा नोकर पुढे आला आणि तंजावरच्या महसुलावर व उभ्या पिकावर मिळून आपले सुमारे २,३४,००० पौंड येणे आहे, ते आधी द्या, म्हणू लागला. पगारातून एवढी सावकारी कशी उभी राहिली, हे विचारायला मद्रासच्या कौन्सिलमधले बरेच जण कचरत होते, कारण त्यांचेही पैसे नबाबाकडे अडकलेले होते. पिगट दाव्याला आडवे आले, तेव्हा ऑगस्ट १७७६ मध्ये त्यांच्याच कौन्सिलने त्यांना अटक केली आणि पुढच्या वर्षी ते कैदेतच वारले. ब्रिटिश गव्हर्नरला त्याच्याच सहकाऱ्यांनी तुरुंगात घातले, ते तंजावरच्या भातावरच्या एका दाव्यापायी. १७८५ मध्ये एडमंड बर्क यांनी पार्लमेंटात अर्काटच्या कर्जांवर जे गाजलेले भाषण केले त्याच्या केंद्रस्थानी हीच माणसे होती. आणि न्याय करणाऱ्या त्या पुनःस्थापनेची किंमत? किल्ल्यात कंपनीची फौज आणि तिच्यासाठी दरसाल ४ लाख होन, म्हणजे साधारण १४ लाख रुपये. नबाबाची खंडणी वेगळी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कावेरीकाठची गावे खरी उजाड केली ती हैदरने, कर्जरोख्यांनी नव्हे. १७८१ च्या स्वारीत किल्ला सोडून जवळजवळ सारा मुलूख त्याच्या घोडदळाखाली गेला. गुरे नेली, माणसे नेली, गावे जाळली, बंधारे मोडले. फेब्रुवारी १७८२ मध्ये त्याचा मुलगा टिपू याने कर्नल ब्रेथवेटची तुकडी कोल्लिडमजवळ घेरून संपवली आणि प्रांत अगदीच उघडा पडला. यातले काहीच सौम्य करून सांगायचे कारण नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, हैदर मद्रासवर चिडला त्यामागे इंग्रजांनी १७७९ मध्ये फ्रेंचांचे माहे हे बंदर घेतल्याचे मोठे कारण होते; त्याची रसद तिथून येई. म्हणजे तोही त्याच दोन साम्राज्यांच्या भांडणाचा फुटलेला बांध. दोन, घोडदळ गेल्यावरही गाव भरेना. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ त्या वेळी तंजावरात होता आणि किल्ल्यातल्या उपाशी लोकांसाठी धान्याची जुळवाजुळव करत होता. परागंदा झालेले शेतकरी परत येईनात, कारण पेरले तरी पीक हाती लागू देतील याचा भरवसा त्यांना ना राजाच्या अंमलदारांवर होता ना कंपनीवर. श्वार्ट्झने स्वतःची हमी दिली तेव्हा ते हजारोंनी परतले. शत्रूच्या एका स्वारीने माणूस पळतो. तो परतायला घाबरतो तेव्हा त्याला घरच्या वसुलीची धास्ती असते.

तंजावरचा दरबारही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. खंडणीचे नाते मोगलांच्या काळापासूनचे होते आणि ती टाळण्यात इथले राजे तरबेज. तुळजाराजांनी डेन आणि डच व्यापाऱ्यांकडून कर्जे काढली, १७७३ मध्ये संकट दिसताच नागोर डचांना विकून टाकले. देवळे, अन्नछत्रे, विद्वान, गवई यांच्यावर सढळ खर्च होता. तंजावरच्या विद्येची आणि संगीताची जी कीर्ती आपण सांगतो ती त्याच पैशातून. पण उधळपट्टी हे बुडण्याचे कारण मानले तर एक कोडे उरते. तोच दरबार, तोच खर्च, तीच टाळाटाळ पूर्वीही होती, तरी राज्य टिकले. पूर्वी खंडणी मागणाऱ्याला दरवेळी नवी फौज जमवावी लागे, दोन महिन्यांनी ती उठून जाई आणि निम्म्यावर तडजोड होई. १७६२ नंतर प्रत्येक हप्त्यामागे कंपनीची हमी आणि कवायती पलटण उभी राहिली. टाळाटाळीला जागाच उरली नाही, आणि ज्या राज्याचे संरक्षण टाळाटाळीवर चालले होते त्याच्या हातून ते शस्त्र गेले. शिवाय समुद्रावर दोन बलाढ्य पक्ष असेपर्यंत एकाला दुसऱ्याची भीती दाखवता येत होती. फ्रेंच हरले आणि प्रतापसिंहांचे सगळे कौशल्य एका तहाने निरुपयोगी झाले.

त्यानंतरचा उतार सरळ होता. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले, अमरसिंह गादीवर आले, हप्त्यांचे करार पुन्हा पुन्हा बदलले. कंपनीने १७९८ मध्ये अमरसिंहांना दूर करून तुळजाराजांचे दत्तक पुत्र सरफोजीराजे यांना बसवले. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, आणि २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी साऱ्या मुलखाचा कारभार कंपनीला दिला. बदल्यात तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाची बखर मराठीत कोरवली, तेव्हा त्या देवळाभोवतीच्या शेतांचा महसूल इंग्रज कलेक्टरकडे जमा होत होता. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे औरस मुलाविना वारले आणि उरलेले नावही गेले.

शेवटचा आक्षेप असा, की १७९९ नंतर कावेरीकाठी एकही फौज उतरली नाही, कल्लणैची नीट दुरुस्ती झाली, आर्थर कॉटनच्या देखरेखीखाली १८३६ मध्ये वरचा बांध उभा राहिला आणि कोल्लिडमकडे पळणारे पाणी आवरले. मग तक्रार कशाची? हा लाभ खरा आहे. चाळीस-पन्नास वर्षे फौजांनी तुडवलेल्या शेतकऱ्याला शांतता हवी होतीच. मात्र बांध सुधारण्यात कंपनीचा हेतू आणि १७५४ मध्ये तो फोडणाऱ्यांचा हेतू, दोन्ही त्याच महसुलाभोवती फिरत होते, हे विसरता कामा नये. एकाला तो शत्रूच्या हातून घालवायचा होता, दुसऱ्याला स्वतःसाठी वाढवायचा होता. आणि तोफा थंडावल्या तरी कागद चालूच राहिले. १८०१ मध्ये कर्नाटक खालसा झाल्यावर नबाबाची कर्जे तपासायला १८०५ पासून आयुक्त बसले. त्यांच्यापुढे आलेले दावे ३ कोटी पौंडांच्या घरात होते. पंचवीस वर्षांच्या छाननीत त्यांतला दहावा हिस्साही खरा ठरला नाही. जो खरा ठरला तो कर्नाटकाच्या महसुलातून फेडला गेला. अमरसिंहांना शेवटची वर्षे तिरुविडैमरुदूरला काढावी लागली आणि १८०२ मध्ये ते वारले. त्यांच्या खाजगी सावकारांनी कंपनीशी करार केला १८२४ मध्ये, आणि मग त्यांचे दावे तपासण्यासाठी लंडनमध्ये तंजावरचे वेगळे आयुक्त नेमले गेले.